मानपत्रातला माणूस

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. भाताची झोडणी आटोपली होती, पेंढा रचून झाला होता आणि मी ओटीवर बसून कादंबरीच्या एका अडून बसलेल्या प्रकरणाशी झटापट करत होतो. अशा वेळी कुणी दारात आलं की लेखकाला मनातून बरंच वाटतं. सरपंच आले होते आणि त्यांच्याबरोबर मंडळाची चार-पाच पोरं. काम साधं होतं. आमच्या वैशाखऱ्याचा एक मुलगा (आता मुलगा कसला, सत्तेचाळिशीचा गृहस्थ) अठ्ठावीस वर्षं लष्करात काढून नायब सुभेदार म्हणून निवृत्त होऊन घरी येत होता. टोकावड्यापासून उघड्या जीपमधून मिरवणूक, पुढे शाळेतल्या मुलामुलींचं लेझीम, शाळेच्या पटांगणात सत्कार, आणि सत्कारात द्यायला सागवानी चौकटीतलं मानपत्र. ‘‘साहेब, तुम्ही बँकेतले, त्यात लेखक. तुम्हाला दहा मिनिटांचं काम. परवा मुरबाडला छापायला टाकायचंय,’’ सरपंच म्हणाले.

दहा मिनिटांचंच काम होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. बँकेच्या नोकरीत मी बदल्यांचे आणि निवृत्तीचे इतके निरोप समारंभ पाहिले आणि त्यांतल्या इतक्यांची मानपत्रं माझ्याच गळ्यात पडली, की साचा आता बोटांत बसला आहे. ‘सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या या पावन भूमीचे आपण सुपुत्र’ इथून सुरुवात करायची. मग ‘अतुलनीय शौर्य’, ‘प्रखर राष्ट्रनिष्ठा’, ‘ऊन, वारा, पाऊस यांची तमा न बाळगता’, ‘प्राण तळहातावर घेऊन’. शेवटी उदंड आयुरारोग्य चिंतायचं आणि खाली ‘समस्त ग्रामस्थ’. चहा निवायच्या आत मी कागद पोरांच्या हाती दिला. एकानं तिथल्या तिथे मोठ्यानं वाचला. सगळ्यांनी माना डोलावल्या. ‘‘एक नंबर,’’ पोरं म्हणाली.

ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो दोन दिवस आधीच घरी पोचला होता. पोरांनी कौतुकानं त्याला मोबाइलवर मजकूर दाखवला. त्या रात्री जेवणवेळ उलटून गेल्यावर तो एकटाच माझ्याकडे आला. चपला पायरीवर नीट जोडून ठेवल्या, ओटीच्या कडेला बसला. पावसाचं, पिकाचं बोलणं झालं. मग म्हणाला, ‘‘काका, लिहिलंय झकास. पण एक विचारू? रागावू नका. हे कुणाचं आहे?’’

‘‘तुझंच की.’’

‘‘माझं नाव काढून दुसऱ्या कुणाचं घातलं तरी चालेल यात. आमच्याकडे अशी नोंद कुणी केली असती तर माणसं मेली असती.’’

हे त्यानं आवाज न चढवता म्हटलं. चार कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाला त्याच्याच ओटीवर कुणी असं सुनावलं नव्हतं. मी गप्प राहिलो, आणि मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. त्याला विचारलं, तू तिथे नक्की काय करत होतास?

तो बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे खडकीला ज्यांचं केंद्र आहे त्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचा. पूल टाकणं, रस्ते उघडणं, सुरुंग पेरणं आणि पेरलेले सुरुंग उचलणं हे या लोकांचं काम. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला. त्यानंतर ‘ऑपरेशन पराक्रम’ सुरू झालं आणि पश्चिमेच्या सरहद्दीवर लाखो सुरुंग पेरले गेले. ऑक्टोबर २००२ मध्ये फौजा मागे घ्यायचं ठरलं. तुमच्याआमच्या दृष्टीनं प्रकरण तिथे संपलं. सॅपर्सचं तिथून पुढे चालू राहिलं, कारण पेरलेलं सगळं उचलायचं होतं. त्यातल्या कितीतरी जमिनी शेतकऱ्यांच्या होत्या.

सुरुंग पेरताना नोंद ठेवावी लागते. कुठल्या ठरलेल्या खुणेपासून किती अंतरावर, कुठल्या दिशेला रांग सुरू होते, एका रांगेत किती, कुठल्या जातीचे. उचलताना तोच कागद हातात असतो. पोटावर पडून, टोचणी तिरपी धरून, हळूहळू वाळू चाचपत जायचं. राजस्थानात वाळू सरकते. आज इथे पेरलेला सुरुंग वर्षानं तिथे असेलच असं नाही. म्हणून शेवटी सगळी भिस्त आकड्यावर. रांगेत पेरलेले अमुक, उचललेले तमुक. एक कमी भरला तर काम संपत नाही. ‘‘पेरणाऱ्यानं थंडीत कुडकुडत, घाईघाईत, कंटाळून काय लिहिलंय त्यावर उचलणाऱ्याचा पाय असतो काका,’’ तो म्हणाला.

त्यानं स्वतः किती उचलले असं विचारल्यावर क्षणाचाही विलंब न लावता उत्तर आलं, ‘‘चारशे बारा.’’

मी लिहिलेल्या मानपत्रात ‘असंख्य’ असा शब्द होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही, पण ती सुरुंगांमुळे नव्हे. मला आठवला आमच्या शाखेतला सुरक्षारक्षक.

बँकांत बंदूकधारी रक्षक म्हणून माजी सैनिक घेण्याची पद्धत आहे. उल्हास नदीच्या काठच्या एका शाखेत मी अधिकारी असताना आमच्याकडे असाच एक होता. शहापूर तालुक्यातला, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. २६ जुलै २००५ ला जो पाऊस झाला तो ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. संध्याकाळी शाखेत पाणी शिरलं. तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्याकडे होती, दुसरी हेड कॅशिअरकडे. आम्ही दोघांनी तिजोरी उघडली आणि सोनेतारणाची पाकिटं बाहेर काढली. त्या पाकिटांत लोकांच्या लेकीसुनांचं स्त्रीधन होतं. ती पत्र्याच्या पेटीत भरून समोरच्या शाळेच्या पहिल्या मजल्यावर नेली ती या रक्षकानं, डोक्यावर पेटी घेऊन, आधी कमरेएवढ्या आणि मग छातीएवढ्या पाण्यातून. मग रात्रभर तो शाळेच्या जिन्यात बंदूक आडवी धरून बसून राहिला. आम्ही दोघे अधिकारी वर्गातल्या बाकांवर झोपलो होतो. सकाळी पाकिटं मोजली. एक कमी नव्हतं.

दीड-दोन महिन्यांनी वरच्या कार्यालयातून परिपत्रक आलं. पुराच्या काळात उल्लेखनीय काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांची शिफारस पाठवा. छापील फॉर्मवर ‘कामगिरीचा तपशील’ या मथळ्याखाली अर्धं पान कोरं सोडलेलं होतं. मी तीन ओळी लिहिल्या. ‘सदर कर्मचारी प्रामाणिक, कर्तव्यदक्ष व मनमिळाऊ आहे. पुराच्या प्रसंगी त्याने मोलाचे सहकार्य केले. योग्य त्या विचारासाठी शिफारस करण्यात येते.’ घाईत होतो. एका दिवाळी अंकाची कथा द्यायची मुदत उलटून चालली होती.

ती कथा पुरावर होती. तिच्यात जिन्यात रात्रभर बसून राहिलेला एक रक्षक होता. त्याच्या ओल्या खाकी सदऱ्याचा वास, बंदुकीचा दस्ता कोरडा ठेवण्यासाठी त्यानं गुंडाळलेला टॉवेल, पहाटे त्यानं पेटवलेली विडी, सगळं होतं. चार पानं होती. कथेला पत्रं आली. शिफारशीला उत्तर आलं नाही. प्रशंसापत्र आणि रोख बक्षीस दुसऱ्या कुठल्या शाखेतल्या कर्मचाऱ्याला मिळालं. त्याचं काम कमी होतं असं मी म्हणणार नाही. त्याच्या साहेबानं पानभर लिहिलं होतं, एवढं मात्र नंतर कळलं. आमचा रक्षक यावर एका शब्दानंही बोलला नाही. वयोमानानुसार निवृत्त झाला, पेढे देऊन गेला.

गोष्ट सांगितली ती माझं पाप हलकं करण्यासाठी नव्हे. मला त्यातलं यंत्र दाखवायचं आहे. बँकेत काय किंवा फौजेत काय, शिफारस लिहिणाऱ्यानं माणूस पाहिलेला असतो आणि निर्णय घेणाऱ्यानं पाहिलेला नसतो. लष्करात पदकासाठीची शिफारस पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरकडून निघते, ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड अशा पायऱ्या चढत दिल्लीला जाते आणि मग २६ जानेवारीला किंवा १५ ऑगस्टला यादी जाहीर होते. निवृत्तीच्या उंबरठ्यावर दिले जाणारे मानद हुद्देही असेच या दोन दिवशी जाहीर होतात. प्रत्येक पायरीवर बसलेल्या माणसापुढे शेकडो कागद. त्याच्यासाठी कागद हाच माणूस. कर्जाच्या प्रस्तावांचं मी आयुष्यभर हेच पाहिलं. शेतकरी कितीही सचोटीचा असो, प्रस्तावात ‘अर्जदार सचोटीचा आहे’ एवढंच लिहिलं असेल तर वरचा अधिकारी तो बाजूला ठेवायचा. विहिरीला उन्हाळ्यात किती परस पाणी असतं हे लिहिलं असेल तर मंजूर करायचा.

निवृत्त फौजींचे कागद मी पुष्कळ पाहिले आहेत. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला ही मंडळी शाखेत येत. काखेत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पेन्शनची ऑर्डर आणि डिस्चार्ज बुक. त्या बुकात वर्तणुकीचा शेरा असतो. जो उघडावा त्यात ‘एक्झेम्प्लरी’. म्हणजे आदर्श, उदाहरण म्हणून दाखवावा असा. आरंभी मला अभिमान वाटायचा. पुढेपुढे लक्षात आलं की वीस-पंचवीस वर्षं बर्फात आणि वाळूत काढलेल्या माणसाबद्दल हा एकच शब्द उरला आहे आणि तो त्याच्या शेजारी बाकावर बसलेल्या दुसऱ्याच्याही बुकात आहे. आमच्या नायब सुभेदाराकडे नऊ वर्षांचं आणि वीस वर्षांचं अशी दीर्घसेवेची दोन पदकं आहेत, ‘कर्तव्यनिष्ठेबद्दल’ मिळालेलं एक प्रशंसापत्र आहे. त्यात वाळूचा एक कण नाही.

आता, चांगलं कसं लिहितात हे लष्कराला ठाऊक नाही असं नाही. उलट आमच्यासारख्या लेखकांनी त्यांच्याकडून शिकावं असे काही नमुने आहेत. कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे हे याच बॉम्बे सॅपर्सचे. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढल्याबद्दल त्यांना परमवीर चक्र मिळालं, आणि ते घेऊन मिरवायला ते जिवंत राहिले. १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले. त्यांचं सन्मानपत्र वाचावं. ते जवळजवळ घड्याळ लावून लिहिलं आहे. ८ एप्रिल, सकाळी अकरा: उखळी तोफांचा मारा, तुकडीतले दोघे ठार, पाच जखमी, जखमींत स्वतः राणे. त्यांनी उरलेली माणसं गोळा केली आणि काम सुरू केलं. साडेचार वाजता समोरची डोंगरधार हाती आली; शत्रू पुरता हटलेला नव्हता, तरी हे पुढे गेले आणि रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी वळणरस्ता करत राहिले. ९ तारखेला सकाळी सहाला पुन्हा हजर, दुपारी तीनपर्यंत. मग चिडाची झाडं पाडून अडवलेला रस्ता. उतरून ती उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पुढे मोडलेला मोरीपूल. १० तारखेला पहाटे पावणेपाच. ११ तारखेला सकाळी सहा. असं चालतं ते.

त्या मजकुरात शौर्याची विशेषणं शोधावी लागतात. वाचणाऱ्याच्या मात्र तिसऱ्या दिवशीचा पहाटेचा पावणेपाचचा आकडा अंगावर येतो. जखमी माणूस तिसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला उठून पुन्हा तिथेच गेला, हे ‘अतुलनीय शौर्य’ या शब्दांत कधीच मावलं नसतं.

दुसरं उदाहरण माणगाव तालुक्यातल्या नाईक यशवंत घाडगे यांचं. मराठा लाइट इन्फंट्रीचा हा बावीस वर्षांचा जवान १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडला आणि त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हाताखालची सगळी माणसं पडल्यावर तो एकटाच मशीनगनच्या मोर्चावर धावून गेला. त्याच्या गौरवपत्रात एक तपशील आहे: मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना त्यानं बंदुकीच्या दस्त्यानं लोळवलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता! हे कुणाला बसल्या जागी सुचत नाही. कुणीतरी मागून पाहिलं होतं, पाहिलेलं सांगितलं होतं, आणि सांगितलेलं कुणीतरी न सजवता लिहून घेतलं होतं. माणगावला त्याचा पुतळा आहे. त्या पुतळ्याइतकंच मोल मी त्या अनाम लेखनिकालाही देतो.

बँकवाल्याच्या भाषेत सांगायचं तर शब्दांनाही चलनवाढ जडते. नोटा बेसुमार छापल्या की रुपयाला काही मिळेनासं होतं. तसंच ‘शूरवीर’, ‘सुपुत्र’, ‘भूमिपुत्र’ यांचं झालं आहे. चौकातल्या फ्लेक्सवर ज्याचा वाढदिवस त्याचं शौर्य. दहीहंडी फोडणारा रणधुरंधर, गटारीचं उद्घाटन करणारा विकासपुरुष. या सगळ्या नोटा बाजारात फिरत असताना खऱ्या सैनिकाच्या हातात आपण त्याच नोटांचं बंडल ठेवतो. त्याला ती मोजायचीही इच्छा होत नाही. आमच्या नायब सुभेदारानं निदान परत तरी केली.

यावर कुणी म्हणेल, आणि सरपंच म्हणालेच, की मानपत्र म्हणजे काही चौकशीचा अहवाल नव्हे. मंगल प्रसंगी मंगल बोलावं. लग्नात नवरदेवाचा पगार कुणी वाचून दाखवतं का? यात तथ्य आहे. गावाला मोठ्या आवाजातली, झुलणारी भाषा हवी असते, आणि त्या झुलण्यातही प्रेम असतं. पण प्रेमाला माहिती असली तर बिघडतं कुठे? माझा अनुभव असा की मोठे शब्द आपण माहीत नसलेल्या ठिकाणी वापरतो. चौकशी न केल्याची लाज त्यांच्याखाली झाकता येते. अठ्ठावीस वर्षं आमच्या गावचा माणूस सरहद्दीवर होता आणि त्यानं तिथे काय केलं हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. ‘प्राण तळहातावर घेऊन’ हे त्या अज्ञानाचं रेशमी पांघरूण.

शिवाय मंगल आणि मोजका मजकूर एकत्र नांदू शकतो, याचा दाखला आमच्या डोक्यावरच आहे. वैशाखऱ्याहून वर पाहिलं की नानाचा अंगठा दिसतो आणि त्याच्या पलीकडे नाणेघाट. घाटाच्या तोंडाशी असलेल्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. देवांना वंदन करून तो सुरू होतो आणि मग राजानं केलेले यज्ञ आणि दिलेल्या दक्षिणा सांगत जातो. सांगतो कसा? १,७०० गाई. १० हत्ती. २४,४०० कार्षापणं. देशातल्या अंकलेखनाच्या जुन्यातल्या जुन्या नमुन्यांत हा लेख मोजला जातो. निवृत्तीनंतर पहिल्यांदा मी तिथे उभा राहिलो तेव्हा मला खातेवहीसमोर उभं राहिल्यासारखं वाटलं. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. त्या आता नाहीत. पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी आहेत. चेहरे गेले, आकडे राहिले.

आणि याच मुलखात, देवळांच्या आवारात, वीरगळ उभे असतात. खाली लढाई, वर अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा. बहुतेकांवर नाव नाही. कुठल्या लढाईत, कुणासाठी, कुणाचा कोण, काहीच माहीत नाही. लोकांनी भक्तीनं शेंदूर फासला, नारळ फोडला आणि वीराचा देव झाला. आपली मानपत्रं म्हणजे कागदावरचे वीरगळ आहेत. शेंदूर भरपूर, नाव बदललं तरी चालेल असा.

हा प्रश्न केवळ सत्काराचा असता तर रविवारच्या पानावर मी एवढी जागा अडवली नसती. पुढे तो पोटाचा होणार आहे. २०२२ साली ‘अग्निपथ’ योजना आली. अग्निवीराची सेवा चार वर्षांची, त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम केलं जाणार, बाकीच्यांनी सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी घेऊन परतायचं. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण २०२३ च्या जानेवारीत सुरू झालं, म्हणजे तिची चार वर्षं २०२६ सरता सरता भरतात. बाहेर पडताना प्रत्येकाला त्यानं मिळवलेल्या कौशल्यांचं प्रमाणपत्र देण्याचं सरकारनं सांगितलं आहे. जुन्या फौजीच्या बुकात नुसतं ‘एक्झेम्प्लरी’ असलं तरी त्याची पेन्शन दरमहा खात्यात पडत होती. बावीस-तेवीस वर्षांच्या या पोराचं तसं नाही. तो ते प्रमाणपत्र घेऊन मुरबाडच्या एमआयडीसीत जाईल, बँकेत कर्ज मागायला जाईल. तिथे टेबलापलीकडे माझ्यासारखाच कुणी घाईतला माणूस बसलेला असेल. प्रमाणपत्रात ‘शिस्तप्रिय व मेहनती’ असेल तर तो कागद बाजूला सारील. ‘उणे वीस अंशांत जनरेटर चालू ठेवण्याचं काम दोन हिवाळे केलं’ असं असेल तर बसायला खुर्ची देईल. ज्या अधिकाऱ्यांच्या हाती हे लिहिणं आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमची अर्ध्या तासाची घाई त्या पोराला जन्मभर पुरेल.

विनंती करणाऱ्यानं आधी स्वतः करून दाखवावं. आम्ही दोघं आणखी दोन रात्री बसलो. मी विचारायचं, त्यानं सांगायचं, मी लिहायचं, त्यानं खोडायचं. त्याच्या शेजारच्या रांगेत काम करणाऱ्या एका सोबत्याचा पाय गेला होता. यानं त्याला मोकळ्या केलेल्या वाटेनं खांद्यावरून बाहेर आणलं. मी लिहिलं, ‘जिवाची पर्वा न करता’. त्यानं खोडलं. ‘‘पर्वा होती काका. म्हणून तर मोकळ्या वाटेनं आलो, जवळच्या वाटेनं नाही.’’ सोबत्याला बाहेर पोचवून तो परत आत गेला होता. का, असं विचारल्यावर म्हणाला, ‘‘त्या रांगेत अजून अकरा होते.’’

एका जागी मात्र तो अडला. ‘‘आईला यातलं काही माहीत नाही. तिला मी रस्त्याच्या कामावर आहे असंच सांगत आलोय.’’ मी म्हटलं, मग गाळून टाकू. मानपत्र तुझं आहे. तो बराच वेळ अंगणात बघत राहिला. ‘‘नको. मीच सांगतो तिला.’’

मजकूर छापला गेला तो असा, नाव वगळून देतो. ती त्याची अट आहे. ‘आपण १९९७ साली खडकी येथे भरती झालात आणि २८ वर्षे सेवा केलीत. राजस्थानच्या सरहद्दीवर आपण आपल्या हातांनी ४१२ सुरुंग उचललेत. त्या जमिनीवर आज शेतकरी नांगर धरतो. जखमी सोबत्याला आपण खांद्यावरून बाहेर आणलेत आणि राहिलेले ११ सुरुंग उचलण्यासाठी परत गेलात. खडकीला आपण नव्या मुलांना हे काम शिकवलेत. या २८ वर्षांत आपण ६ गणपतींना घरी होतात. वडील गेले तेव्हा आपण तिसऱ्या दिवशी पोचलात. हे सर्व गावाला आज कळले, याबद्दल गाव आपली क्षमा मागते.’ शेवटचं वाक्य माझं. ते त्याला खोडायचं होतं. सरपंचांनी राहू दिलं.

सत्काराच्या दिवशी मजकूर एका शिक्षिकेनं वाचला. पहिल्या ओळीला मागे पोरांचा गलका चालू होता. ‘४१२’ आलं तेव्हा तो थांबला. टाळ्या नेहमीपेक्षा उशिरा वाजल्या. कार्यक्रम संपल्यावर त्याची आई माझ्याजवळ आली. तिला लेकानं आदल्या रात्रीच सांगितलं होतं. मला वाटलं काहीतरी बोलेल, रागावेल. तिनं एवढंच विचारलं, ‘‘त्या पोराचा पाय गेला म्हणता, तो आता काय करतो?’’ लेकानं सांगितलं, गावाला पिठाची गिरणी टाकलीय त्यानं. ‘‘मंग बरं,’’ म्हातारी म्हणाली.

त्यानंतरच्या रविवारी मी एक कोरा कागद घेतला आणि वीस वर्षांपूर्वीच्या त्या फॉर्मवरचं कोरं राहिलेलं अर्धं पान भरून काढलं. तारीख, पाण्याची उंची, खेपा, पाकिटं, जिना, टॉवेल. तो कागद आता कुठल्याच कार्यालयाला नको आहे. मी तो घेऊन शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या पुढे, त्या रक्षकाच्या घरी गेलो. आता त्याला कमी ऐकू येतं, नजर मात्र शाबूत आहे. त्यानं चष्मा न लावता, ओठ हलवत, सगळा कागद वाचला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, शाखेत ऑडिटर आला की बघायचो तसा.

‘‘पेटीच्या खेपा सात लिहिल्यात साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘सहा होत्या. सातव्या खेपेला मी माझा डबा आणायला गेलो होतो.’’

मी खिशातून पेन काढलं आणि सातचे सहा केले.